एक हजार अठ्ठ्याऐंशी बाइट

फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या सर्व्हरवर नवा कर्नल चढवला, मशीन रीबूट केलं आणि सवयीनं 'पीएस' टाइप केलं, की एके काळी हमखास एक ओळ समोर यायची: 'प्रोक साइझ मिसमॅच'. चालू असलेल्या प्रोसेसची यादी मिळायची नाही. 'टॉप' चालवा, 'डब्ल्यू' चालवा, तीच रड. वेबसर्व्हर मात्र व्यवस्थित चालू असायचा, मेल येत-जात असायची, डिस्कवर ओरखडाही नसायचा. मशीन धडधाकट, पण आत काय चाललंय हे सांगणारी अवजारं मुकी झालेली. नव्यानं सिस्टिम सांभाळायला घेतलेल्या कितीतरी जणांची झोप या एका ओळीनं उडवली आहे. जाणती मंडळी त्यांना ठरलेलं उत्तर देत: कर्नल नवा आहे आणि युजरलँड जुनं राहिलंय, तेही बिल्ड करून टाक.

उत्तर बरोबरच आहे. पण ते इतक्या झटपट दिलं जातं की ती ओळ लिहिणाऱ्याचं कौतुक करायचं राहूनच जातं. 'पीएस'नं त्या दिवशी यादी दिली असती तर ती खोटी असती. खोटं सांगण्याऐवजी गप्प बसायचं हे कुणीतरी विचारपूर्वक ठरवलं, त्यासाठी चार ओळींची तपासणी लिहिली आणि ती वर्षानुवर्षं तशीच जपली. संगणकाच्या जगात इतकी सचोटी सगळीकडे सापडत नाही.

आधी मूळ भानगड समजून घेऊ. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. मेमरी, डिस्क, नेटवर्क, प्रोसेसरचा वेळ हे सगळं त्याच्या ताब्यात. त्याच्या बाहेर जे काही चालतं, मग तो 'पीएस' असो, ब्राउझर असो किंवा डेटाबेस, ते युजरस्पेस, म्हणजेच युजरलँड. ही दोन्ही बाजूची मंडळी वेगवेगळ्या वेळी कंपाइल होतात, पुष्कळदा वेगवेगळ्या लोकांच्या हातून. दोघांत माहितीची देवाणघेवाण होते ती बाइटांच्या पट्ट्यांतून. सी भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम कंपाइल झाला की फील्डांची नावं गळून पडतात, उरतात ती फक्त अंतरं. ६४ बिटांच्या फ्रीबीएसडीवर प्रोसेसची माहिती सांगणाऱ्या स्ट्रक्चरमध्ये सुरुवातीपासून ७२ बाइट सोडले की प्रोसेसचा नंबर लागतो. ३२ बिटांच्या मशीनवर तोच नंबर ४० बाइटांनंतर येतो, कारण त्याच्या आधी आठ पॉइंटर आहेत आणि तिथे प्रत्येक पॉइंटर निम्म्या मापाचा असतो. 'पीएस'च्या पोटात हा आकडा कंपाइल होतानाच कोरला जातो. पुढे कर्नलनं मधे एखादं फील्ड घुसवलं तर 'पीएस'ला ते कळायला मार्ग नाही. ते ७२व्या जागेवरचे चार बाइट उचलणार आणि त्यांना नंबर म्हणणार.

हे एका प्रोसेसचं झालं. कर्नल तर सगळ्या प्रोसेसची माहिती सलग, एकापाठोपाठ एक, मधे कुठलीही खूण न ठेवता देतो. एकाच ताग्यात विणलेल्या नऊवारी साड्या सहावारीच्या मापानं फाडल्या तर पहिलीचा पदर दुसरीत जातो आणि तिसरीपासून काठ कुठले नि पदर कुठला याचा पत्ताच लागत नाही. इथेही अगदी तसंच होतं.

फ्रीबीएसडीची पूर्वज असलेल्या १९९३च्या ४.४बीएसडीच्या पिढीतल्या 'लिबकेव्हीएम' या लायब्ररीत यावर एक साधी, सुरेख तपासणी होती. कर्नलनं एकूण किती बाइट दिले ते पाहायचं, आपल्याला ठाऊक असलेल्या स्ट्रक्चरच्या मापानं भागायचं आणि बाकी उरली तर थांबायचं. 'प्रोक साइझ मिसमॅच' ही ओळ त्या भागाकारातूनच येत असे. मात्र भागाकाराला एक पळवाट आहे. आजच्या फ्रीबीएसडीत हे स्ट्रक्चर ६४ बिटांच्या इंटेल-एएमडी मशीनवर १०८८ बाइटांचं आहे आणि त्यांच्याच ३२ बिटांच्या मशीनवर ७६८ बाइटांचं. कागदावर मांडून पाहा: १०८८ गुणिले १२ म्हणजे १३,०५६, आणि ७६८ गुणिले १७ म्हणजेही १३,०५६. कर्नलनं मोठ्या मापाच्या नेमक्या १२ प्रोसेस दिल्या आणि वाचणाऱ्यानं लहान माप धरलं, तर बाकी शून्य. तपासणी पास. पडद्यावर १७ प्रोसेस, आणि पहिली सोडली तर बाकीच्यांची हद्दच चुकलेली.

म्हणून पुढे तपासणी बदलली. आता या स्ट्रक्चरचं पहिलंच फील्ड म्हणजे त्याचं स्वतःचं माप. कर्नल आधी सांगतो, 'मी १०८८ बाइटांचं देतोय.' लायब्ररी ते आपल्या मापाशी ताडून बघते. जुळलं नाही तर अपेक्षित आकडा आणि मिळालेला आकडा असे दोन्ही छापते आणि रिकाम्या हातानं परतते. भागाकारानं अंदाज बांधण्यापेक्षा समोरच्यानं स्वतःच माप सांगणं कितीतरी भरवशाचं.

इथवर यायलाही बराच काळ जावा लागला. सुरुवातीच्या युनिक्सवर 'पीएस' कर्नलला काही विचारतच नसे. ते सरळ कर्नलची मेमरी उघडून वाचायचं. प्रोसेसचा तक्ता कुठल्या पत्त्यावर आहे हे कर्नलच्या फाइलमधल्या नावांच्या यादीतून काढायचं, '/डेव्ह/केमेम' ही फाइल उघडायची, त्या पत्त्यावर उडी मारायची आणि बाइट उचलायचे. त्यासाठी 'पीएस'ला खास परवानगी लागे, आणि कर्नलची हेडर फाइल बदलली की 'पीएस' पुन्हा कंपाइल करणं ओघानंच आलं. ४.४बीएसडीनं 'सिसकंट्रोल'ची वाट काढली. कर्नलला विचारा, तो देईल. पण देताना कर्नल आपलं आतलं स्ट्रक्चरच जसंच्या तसं हातात ठेवत होता. म्हणजे दार नवं, आतला पसारा तोच.

फ्रीबीएसडीत ही गोष्ट डिसेंबर २००० मध्ये सुटली. कर्क मॅक्युसिक यांनी बाहेर जाणाऱ्या स्ट्रक्चरमधून कर्नलची अंतर्गत स्ट्रक्चर्स काढून टाकली आणि साधे आकडे नि मजकूर एवढंच ठेवलं. बर्कलीच्या फाइल सिस्टिमचे हेच ते मॅक्युसिक. आतल्या डझनभर स्ट्रक्चरांपैकी एकाचंही माप हललं की 'पीएस', 'डब्ल्यू', 'एफस्टॅट', 'जीकोअर', 'सिस्टॅट' आणि 'टॉप' एका दमात बंद पडायचे, ते त्यानंतर थांबलं. कर्नल आतून हवा तसा बदलू शकतो, बाहेर दिसणारं रूप तेवढं कायम राहतं.

ती हेडर फाइल आजही उघडून वाचण्यासारखी आहे. पुढेमागे लागतील म्हणून राखून ठेवलेल्या जागा तिच्यात स्पष्ट दिसतात, आणि नवं फील्ड घालाल तेवढे बाइट राखीव जागेतून न विसरता वजा करा अशी ताकीदही आहे. ताकीद कुणी विसरलं तर? कर्नलच्या कोडमध्ये एक ओळ आहे, ती कंपाइल होतानाच माप तपासते. १०८८चे १०९६ झाले तर कर्नल बिल्डच होत नाही. चूक सर्व्हरपर्यंत पोचण्याआधी लिहिणाऱ्याच्या टेबलावरच अडते.

त्याच फाइलमध्ये दोन फील्डांच्या नावांमागे 'ओल्ड' लागलेलं आहे. प्रोसेस कुठल्या सीपीयूवर चालू आहे आणि याआधी कुठल्यावर होती, हे सांगणारी ती फील्ड्स एकेका बाइटाची होती. एका बाइटात २५५च्या पुढे मोजता येत नाही. ती लिहिली गेली तेव्हा एका मशीनमध्ये अडीचशे सीपीयू ही कल्पनासुद्धा कुणी केली नसेल. सीपीयू वाढले तेव्हा त्या दोन बाइटांना हात न लावता राखीव जागेतून पूर्ण मापाची दोन नवी फील्ड्स काढली. जुनं 'टॉप' जुनी फील्ड्स वाचतं, नवं 'टॉप' नवी. टर्मिनलचा क्रमांक ३२वरून ६४ बिटांचा झाला तेव्हाही हेच: जुनं फील्ड 'फ्रीबीएसडी११' असं शेपूट लावून जागच्या जागी ठेवलेलं, नवं शेवटी. घर न पाडता भिंतींतून नवी वायरिंग नेणाऱ्या माणसांचं हे काम आहे, आणि त्यातला धीर मला मोलाचा वाटतो.

टर्मिनलच्या क्रमांकाचा तो बदल एका मोठ्या कामाचा भाग होता. मे २०१७ मध्ये फ्रीबीएसडीनं इनोडचा क्रमांक, म्हणजे फाइल सिस्टिमवर प्रत्येक फाइलला मिळणारी ओळख, ३२ बिटांवरून ६४ बिटांवर नेला. ३२ बिटांत सव्वाचारशे कोटींच्या आसपास क्रमांक मावतात. झेडएफएससारख्या फाइल सिस्टिम आत ६४ बिटांचे क्रमांक वापरत होत्या आणि बाहेर देताना ते कापावे लागत. कापले की दोन वेगळ्या फाइलींची ओळख एक होऊ शकते. बॅकअप घेणारा प्रोग्रॅम 'हे एकाच फाइलचं दुसरं नाव' असं समजून एक फाइल गाळू शकतो, आणि त्याबद्दल कुठलीही ओळ पडद्यावर येत नाही. मला या जातीच्या चुकीची खरी भीती वाटते. जे 'पीएस' अडून बसतं त्याच्यामुळे रात्र वाया जाते. मुकाट्यानं कापलेल्या आकड्यानं काय गेलं, हे कधी कधी वर्षभरानं कळतं.

त्या बदलाबरोबर अपग्रेडचा क्रम ठळकपणे बजावला गेला: आधी नवा कर्नल बसवा, त्यावर मशीन उठवा, मगच बाकीची सिस्टिम. नवा कर्नल जुन्या प्रोग्रॅमांची भाषा ओळखतो, कारण जुने सिस्टिम कॉल, म्हणजे कर्नलकडे काम मागण्याचे ठरीव मार्ग, त्यात जपलेले असतात. जुन्या कर्नलनं अजून जन्मालाही न आलेल्या प्रोग्रॅमांची भाषा ओळखावी, ही अपेक्षा कशी करणार?

लिनक्सनं या प्रश्नाला दुसरीच बगल दिली. तिथे प्रोसेसची माहिती '/प्रोक' या डिरेक्टरीत साध्या मजकुरात मिळते. प्रत्येक प्रोसेसची एक डिरेक्टरी, त्यात 'स्टॅट' नावाची फाइल, तिच्यात एका ओळीत मोकळ्या जागांनी तोडलेले आकडे. मजकुराला बाइटांचं ठरीव माप नसतं. आकडा मोठा झाला की एक अंक वाढला, शेवटी नवा रकाना जोडला तर जुनं अवजार त्याच्याकडे बघत नाही. पण इथेही खाचखळगे आहेतच. दुसऱ्या रकान्यात प्रोग्रॅमचं नाव कंसात येतं, आणि नावातच मोकळी जागा किंवा कंस असू शकतो. मोकळ्या जागेवर ओळ तोडणारं अवजार अशा नावापाशी घसरतं आणि पुढचे सगळे रकाने सरकतात. जाणता लिहिणारा ओळीतला शेवटचा बंद कंस शोधतो आणि तिथून मोजायला लागतो.

आणि लिनक्समध्येही सगळंच मजकुरातून जात नाही. उपकरणांशी बोलणारा 'आयओकंट्रोल' स्ट्रक्चरांवरच चालतो. त्यात एक छान युक्ती आहे: विनंतीचा जो ३२ बिटांचा क्रमांक असतो, त्यातले १४ बिट सोबतच्या स्ट्रक्चरचं माप सांगतात. स्ट्रक्चर वाढलं की विनंतीचा क्रमांकच बदलतो, आणि जुना कर्नल 'ही विनंती माझ्या ओळखीची नाही' म्हणून परत पाठवतो. तरीही ३२ बिटांचा प्रोग्रॅम ६४ बिटांच्या कर्नलवर चालवताना पेच पडतो. चार बाइटांचं एक फील्ड आणि त्यानंतर आठ बाइटांचं एक, एवढं साधं स्ट्रक्चर घ्या. जुन्या इंटेल ३२ बिटांवर ते १२ बाइटांचं होतं आणि ६४ बिटांवर १६चं, कारण तिथे आठ बाइटांचं फील्ड आठनं भाग जाणाऱ्या जागीच सुरू व्हावं लागतं आणि मधे चार बाइट रिकामे सोडले जातात. सोर्स कोड अक्षरशः तोच, तरी मापं दोन. कर्नलमध्ये यासाठी भाषांतर करणारा एक आख्खा थर आहे आणि तो सांभाळणाऱ्यांची नावं फारशी कुणाच्या कानावर पडत नाहीत.

जानेवारी २०२१ मध्ये अल्पाइन लिनक्सची ३.१३ ही आवृत्ती आली, तेव्हा रास्पबेरी पाय वापरणाऱ्या पुष्कळांना या सगळ्याचा झटका बसला. अल्पाइन छोटी, म्हणून कंटेनरमध्ये लोकप्रिय. कंटेनरमध्ये कर्नल बाहेरच्या मशीनचा आणि युजरलँड आतलं, म्हणजे दोन वेगळ्या लोकांनी वेगळ्या काळात बांधलेल्या वस्तू एकमेकींवर ठेवलेल्या. लोकांनी इमेज अपडेट केली, कंटेनर उठवला आणि 'डेट' कमांडनं साल १९०० दाखवलं. जानेवारीची शून्य तारीख, मिनिटांच्या जागी १००. घड्याळच बिघडल्यावर सर्टिफिकेटची मुदत तपासणारं सगळं कोसळलं आणि पॅकेज उतरवणंही बंद पडलं.

झालं होतं असं. अल्पाइनची मूळ लायब्ररी 'मसल' हिनं १.२ या आवृत्तीपासून ३२ बिटांच्या मशीनवरही वेळेचं माप ६४ बिटांचं केलं. त्यासाठी ती नवा सिस्टिम कॉल वापरते, क्रमांक ४०३. हा कॉल लिनक्समध्ये मे २०१९च्या ५.१ या कर्नलपासून आहे. कर्नल जुना असेल तर तो 'असा कॉलच नाही' म्हणतो, मसल मुकाट्यानं जुन्या कॉलकडे वळते आणि काम होतं. मसलवाल्यांनी ही तजवीज आधीच केली होती. पण डॉकरच्या कंटेनरभोवती एक पहारा असतो. कुठले कॉल करू द्यायचे याची यादी त्याच्याकडे असते आणि ती 'लिबसेककॉम्प' ही लायब्ररी राबवते. रास्पबेरी पायवरची लिबसेककॉम्प जुनी. तिला ४०३ माहीतच नव्हता, म्हणून पहाऱ्यानं उत्तर दिलं: 'परवानगी नाही'. 'असा कॉलच नाही' आणि 'परवानगी नाही' या दोन उत्तरांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिलं ऐकलं की मसल जुनी वाट धरते. दुसरं ऐकल्यावर ती धरत नाही, आणि धरूही नये, कारण कुणी मुद्दाम नाकारलं असेल तर मागच्या दारानं शिरणं तिचं काम नव्हे. वेळ मिळालीच नाही आणि 'डेट'नं त्या जागी मेमरीत पडलेला कचरा तारीख म्हणून छापला.

अल्पाइननं आपल्या निवेदनात लिबसेककॉम्प २.४.२ आणि डॉकर १९.०३.९ पासून पुढच्या आवृत्त्या हव्यात असं लिहिलं होतं. ते कितीजण वाचतात हा वेगळा प्रश्न. कंटेनर चालवणाऱ्या 'रनसी'नं नंतर मुळावरच घाव घातला: पहाऱ्याची यादी लिहिली तेव्हा जे कॉल अस्तित्वातच नव्हते, त्यांना 'असा कॉलच नाही' हेच उत्तर द्यायचं. एका शब्दाची दुरुस्ती, पण दोन्ही बाजूंनी बरोबर वागूनही मधला तिसरा चुकीचं उत्तर देतो तेव्हा काय होतं, हे लक्षात आल्याशिवाय ती सुचत नाही.

हा खटाटोप कशासाठी, तर २०३८साठी. युनिक्समध्ये वेळ म्हणजे १ जानेवारी १९७०पासून झालेले सेकंद. चिन्हासह ३२ बिटांत २,१४,७४,८३,६४७ पर्यंतच मोजता येतं. ही मर्यादा मंगळवार, १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी संपते, आणि पुढच्या सेकंदाला मोजणी डिसेंबर १९०१ मध्ये जाऊन पडते. अजून बरीच वर्षं आहेत की, असं म्हणायची सोय नाही. आज उघडलेल्या पीपीएफ खात्याची १५ वर्षांची मुदत २०३८ ओलांडते, वीस वर्षांच्या गृहकर्जाच्या शेवटच्या हप्त्याचं वर्ष त्याच्याही पुढे. पुढची तारीख मोजणारा प्रोग्रॅम आजच त्या कड्यापाशी उभा आहे.

ओपनबीएसडीनं मे २०१४च्या ५.५ आवृत्तीत सगळ्या मशीनांवर एकाच फटक्यात वेळेचं माप बदललं. जुने प्रोग्रॅम चालणार नाहीत, पुन्हा बांधा, असं सरळ सांगितलं. कर्नल आणि युजरलँड एकाच घरात लिहिलं जात असल्यामुळे त्यांना ते परवडलं. लिनक्समध्ये जुना प्रोग्रॅम मोडायचा नाही हा दंडक, त्यामुळे आर्न्ड बर्गमन, दीपा दिनमणी आणि इतरांना एकेक सिस्टिम कॉल, एकेक ड्रायव्हर पिंजून काढावा लागला. मार्च २०२०च्या ५.६ कर्नलपर्यंत ते काम मुख्यतः पुरं झालं. लिनक्सवरच्या ग्लिबसी या मूळ लायब्ररीनं ऑगस्ट २०२१ मध्ये ३२ बिटांच्या मशीनांसाठी ६४ बिटांच्या वेळेचा पर्याय दिला. मग डेबियनसारख्या लिनक्स वितरणांची पाळी, कारण लायब्ऱ्याही एकमेकींना वेळ देतात-घेतात आणि एकीचं माप बदलून दुसरीचं तसंच ठेवता येत नाही. डेबियननं २०२४ मध्ये अशा लायब्ऱ्या शोधून त्यांच्या नावांना 'टी६४' जोडलं, म्हणजे जुनी नि नवी चुकूनही मिसळायला नको. या कामाची मोठी धुरा वाहणारे स्टीव्ह लँगासेक जानेवारी २०२५ मध्ये गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डेबियन १३ बाहेर पडलं, तेव्हा ते पाहायला लँगासेक नव्हते. जुन्या इंटेल ३२ बिटांचं माप मात्र डेबियननं मुद्दाम बदललं नाही, कारण ती आवृत्ती आता जुने तयार प्रोग्रॅम चालवण्यापुरतीच उरली आहे आणि माप बदललं तर नेमके तेच चालणार नाहीत.

लिनक्सच्या नव्या सिस्टिम कॉलांत मापांच्या या दुखण्यावर बरा इलाज आला आहे. 'क्लोन३', 'ओपनअॅट२' यांना स्ट्रक्चरबरोबर त्याचं मापही द्यावं लागतं. प्रोग्रॅमचं स्ट्रक्चर कर्नलच्यापेक्षा लहान असेल तर कर्नल उरलेली जागा शून्यांनी भरतो. मोठं असेल तर कर्नलला न कळणारे शेवटचे बाइट तपासले जातात. ते सगळे शून्य असतील तर नवं काही मागितलेलंच नाही, काम पुढे चालू. त्यातला एक जरी बाइट शून्य नसला तर कॉल नाकारला जातो. अलेक्सा सराई यांनी २०१९ मध्ये ही पद्धत एका छोट्या फंक्शनमध्ये बांधली, आणि मला ती फार आवडते, कारण दोघांपैकी कुणीही आधी म्हातारं झालं तरी बोलणं चालू राहतं.

जुन्या वाटांवर अजून बरंच काम बाकी आहे. कोण कधी लॉगिन झालं हे नोंदवणारी 'डब्ल्यूटेम्प' फाइल ३८४ बाइटांच्या सलग नोंदींची असते. ६४ बिटांच्या इंटेल मशीनवरसुद्धा तिच्यातली वेळ ३२ बिटांचीच आहे, कारण ३२ आणि ६४ बिटांच्या प्रोग्रॅमांनी एकच फाइल वाचावी म्हणून तिचं माप कधीकाळी बांधून टाकलं. म्हणजे कर्नल तयार, प्रोसेसर तयार, आणि २०३८ला अडणार ती ही नोंदवही. थॉर्स्टन कुकुक यांनी त्यासाठी 'डब्ल्यूटेम्पडीबी' लिहिलं. त्यात नोंदी एसक्यूलाइटच्या तक्त्यात जातात, रकान्याला नाव असतं आणि वाचणारा नावानं मागतो. डेबियन १३मध्ये 'लास्ट' ही कमांड त्याच्याकडूनच येते.